मधलं काही आठवतं का?

माझा धंदा लोकांना झोपवण्याचा. एकदा एसटीत शेजारच्या बाईंना मी एवढंच सांगितलं, तर त्यांनी मला प्रवचनकार समजून आमच्या गावच्या सप्ताहाला याल का, असं विचारलं. "नाही हो, मी भूल देते," म्हटल्यावर त्या जरा सरकून बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. रहिमतपूर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडची शेंगदाण्याची पुडीसुद्धा नाकारली.

भूलतज्ज्ञ हा डॉक्टर असतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. ऑपरेशन झालं की सर्जन बाहेर येतो, मास्क खाली करतो, नातेवाईक त्याच्या पाया पडतात. त्या वेळी मी मागच्या दाराने गाडीकडे पळत असते, कारण पुढच्या हॉस्पिटलमधून दोन फोन येऊन गेलेले असतात. मी कुठल्याही एका हॉस्पिटलची नाही. फोन आला की जायचं, झोपवायचं, उठवायचं, निघायचं. माहेर साताऱ्याचं असल्यामुळे आधीची बरीच वर्षं सातारा, रहिमतपूर, कराड अशी भटकंती केली. आठ वर्षांपूर्वी सासरी, सांगलीत, कायमचं बिऱ्हाड हलवलं आणि आता सांगली-मिरज-कुपवाडच्या रस्त्यांवरचे खड्डे पाठ केलेत.

माझ्याबरोबर मागच्या सीटवर एक डबा असतो. डब्यातून एक वायर निघते, तिच्या टोकाला चिकटपट्टी, ती पेशंटच्या कपाळावर लावायची. मेंदूत काय चाललंय त्याचा अंदाज घेऊन डबा एक आकडा दाखवतो. टक्क जाग्या माणसाचा आकडा शंभराच्या जवळ. चाळीस ते साठच्या मध्ये असला की ऑपरेशनपुरती झोप बरोबर. सर्जन मंडळींना हा डबा फार आवडतो. पोटात हात घातलेला असताना ते "किती झाले?" असं क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं विचारतात. डबा महागाचा आहे, म्हणून मी त्याला सीटबेल्ट लावते. सासूबाई गाडीत असल्या की म्हणतात, "त्या डबड्याला पट्टा, आणि म्हातारीला मोकळं सोडलंय."

आता आमच्याकडे माणसाचं कपाळ रिकामं मिळणं ही मोठी अवघड गोष्ट. कुंकू असतं, टिकलीचा डिंक असतो, भंडारा असतो, अंगारा असतो. शिवाय ऑपरेशन म्हटलं की घरातल्या कुणाला तरी वाटतंच की डोकं थंड राहायला हवं, मग आदल्या दिवशी वाटीभर खोबरेल डोक्यात थापलेलं असतं. ते ओघळून भुवयांपर्यंत येतं. चिकटपट्टी तेलावर चिकटत नाही आणि हळदीवर तर मुळीच नाही. सुरुवातीला मी स्पिरिटचा बोळा घेऊन सरळ पुसायला जायची. एकदा एका सवाष्णीचं कुंकू पुसलं, तर तिच्या सासूने माझ्याकडे असं बघितलं की मीच भूल न घेता गार पडले. तेव्हापासून तह झालेला आहे. भंडारा गळ्याच्या खळगीत लावायचा, अंगारा मनगटाला, आणि टिकली मी स्वतः काढून केसपेपरच्या कोपऱ्यात चिकटवते. शुद्धीवर आल्यावर पुन्हा जागेवर. गडबडीत एकदा एकीची टिकली दुसरीला गेली होती. दोघी कुरकुरल्या, पण जिवंत होत्या.

एका पिंजारी चाचांनी डब्याकडे बघून विचारलं होतं, "बाई, झोप मोजतायसा. सपानं बी दिसत्यात का त्यात?"

मी म्हटलं, "नाही दिसत."

"मग बरं हाय," ते म्हणाले, आणि निवांत आडवे झाले.

दिसत नाही, हेच तर दुखणं आहे. डबा आकडा दाखवतो, पण आतल्या माणसाला काय कळतंय ते शेवटी तो माणूसच सांगू शकतो. म्हणून आता मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते. झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावर पहिलं काय आठवतं? आणि मधलं काही आठवतं का? शुद्धीवर आल्यावर एकदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. उत्तरं काय वाट्टेल ती येतात. एका निवृत्त गुरुजींनी मलाच उलट विचारलं, "हे तोंडी आहे की लेखी?" एक पैलवान म्हणाला, शेवटचं आठवतं ते तुमचं 'आता झोप येईल', आणि पहिलं आठवतं ते आईचं 'मेल्या ऊठ', मधी कायच न्हाई. मी वहीत लिहिलं, 'समाधानकारक'.

ही सवय मला फार उशिरा लागली, आणि ती शहाणपणाने लागलेली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी सांगलीतल्या एका सर्जनचा फोन आला. पेशंट चाळिशीची बाई, पित्ताशयात खडे, एकदा कावीळ होऊन गेलेली. "दोनदा तारीख घेऊन पळून गेलीय," सर्जन म्हणाले. "आता आणखी टाळलं तर जिवावर बेतेल. भुलीला घाबरते म्हणे. तुम्ही आदल्या दिवशी येऊन तुमचा डबा दाखवा आणि पटवा." पटवण्याचं काम आलं की यांना भूलवाली आठवते. मी जरा करवादूनच गेले.

संध्याकाळी पाचचा सुमार. खोलीत तिघंजण. बाई कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. खिडकीपाशी नवरा, कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा. नखांत काळं वंगण आणि तोंडात शब्द नाही. खुर्चीत त्याची थोरली बहीण, म्हणजे पेशंटची नणंद, मांडीवर पिशवी घेऊन फौजदारासारखी बसलेली. मूळची मंडळी रहिमतपूरकडच्या एका खेड्यातली, कामासाठी कुपवाडला आलेली.

मी माझी नेहमीची टेप लावली. "नमस्कार. मी भूल देणारी डॉक्टर. उद्या तुम्हाला गाढ झोप लागेल, काही कळणार नाही, काही दुखणार नाही..."

बाईने मान वळवली. "परत बोला."

"काय?"

"आत्ता बोल्लासा त्येच. परत बोला."

मला वाटलं ऐकू कमी येत असेल. मी आवाज चढवून पुन्हा म्हटलं. ती उठून बसली. पाय खाली सोडले. माझ्या तोंडाकडे न बघता, कान माझ्याकडे करून बसली आणि म्हणाली, "तुमच्या सासूबाई आमटीत गूळ घालत्यात का वं?"

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की सासूबाईंची कीर्ती कुपवाडपर्यंत कशी पोहोचली. त्या आमटीत गूळ घालतात. भरपूर घालतात. मी साताऱ्याची, तिखटावर वाढलेली, आणि लग्न झाल्यापासून त्या गुळाशी माझं भांडण आहे.

"येवढा गूळ, की मुंग्या आदी जेवत्यात आन मग आमी," ती म्हणाली. "आसं म्हनाला हुतासा. मग येक बाई हसली. आन गडीमानूस म्हनला, मला द्या की पाठवून डब्यातनं."

मी जवळचं स्टूल ओढून बसले. मुंग्यांचा विनोद माझाच होता. तो मी दहा ठिकाणी वापरला असेल. चांगला जमलेला विनोद मी सहजासहजी टाकून देत नाही. पण 'मला द्या पाठवून डब्यातून' असं एकदाच कुणी म्हणालं होतं. रहिमतपूरकडच्या एका छोट्या दवाखान्यात, एक गोडखाऊ सर्जन. सांगलीला यायच्या आधीच्या महिन्यात. अपेंडिक्स फुटायला आलेली एक तरुण बाई टेबलावर होती.

त्या दिवशीचं मला आणखीही एक आठवत होतं. ते इथे साधं करून सांगते. भुलीत तीन कामं असतात. झोप आणायची, वेदना दाबायच्या, आणि स्नायू ढिले करायचे. तिसऱ्या औषधाने माणूस बोटसुद्धा हलवू शकत नाही, श्वाससुद्धा मशीनने द्यावा लागतो. आता समजा, हे तिसरं औषध चालू आहे आणि पहिलं संपलं, तर माणूस जागा होतो आणि कुणाला काही सांगू शकत नाही. असं क्वचित होतं. झोपेचं औषध मशीनवरच्या एका बाटलीवजा पेटीत भरलेलं असतं, त्याची वाफ पेशंटच्या श्वासात जाते. किती उरलंय ते काचेतून दिसतं. आम्ही फिरते लोक. दर दवाखान्यात मशीन वेगळं, त्याचे हट्ट वेगळे. त्या दवाखान्यात जागा कमी म्हणून मशीन असं लावलं होतं की काच भिंतीकडे. बघायचं तर वाकून बघावं लागे. मी वाकले नव्हते. मी आमटीबद्दल सांगत होते. मग बाईची नाडी पळायला लागली, तेव्हा मी आधी दुखण्याचं औषध वाढवलं, आणि नंतर वाकून बघितलं. पेटी कोरडी होती. मी भरली. चार-पाच मिनिटांचा खेळ. नाडी खाली आली आणि मी स्वतःला सांगितलं की काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला भेटून विचारलं असतं तर कळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कराडला होते, दुपारी साताऱ्यात. कुणी मला विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. आमच्या धंद्यात झोपवणारा माणूस पेशंटला दुसऱ्या दिवशी दिसतच नाही.

"तुम्हाला काय काय आठवतंय?" मी विचारलं.

"समदं," ती म्हणाली. "डोळं उगडंना. हात हालंना. वरडावं म्हनलं तर तोंडात नळी. आन पोटात कुनीतरी पिशवीत हात घालून किल्ली हुडकावी तसं हुडकत हुतं. मला वाटलं मी मेले. आन मेल्यावर बी हितं आमटीचंच चाललंय व्हय, आसं वाटलं."

नणंद मध्येच म्हणाली, "आवं बाई, तुमी तिचं मनावर घिऊ नका. तिला सपान पडलं हुतं. आमी तवाच देवऋषाला दाखवलं."

आणि मग जे बाहेर आलं ते ऐकून हसावं की डोकं आपटावं मला कळेना. घरी आल्यावर ही बिचारी सांगायला लागली, की मला पोट फाडलेलं कळत होतं, आणि एक बाई सासूच्या आमटीला नावं ठेवत होती. कुणाचा विश्वास बसेना. झोपेत ओरडून उठायला लागली, तेव्हा गावातल्या देवऋषाकडे नेलं. त्याने तांदूळ टाकून निदान केलं, की हिची सासू, म्हणजे नणंदेची आई, वारल्याला वर्ष झालेली, तीच येऊन बोलतेय. सुनेने कधीतरी तिच्या आमटीला नाव ठेवलं, म्हणून तिचा आत्मा दुखावलाय. उपाय काय? दर अमावस्येला गूळ घातलेल्या आमटीचा निवद.

सात वर्षं. दर अमावस्येला त्या घरात गोड आमटी शिजत होती. पेशंटला स्वतः शिजवावी लागायची आणि हात जोडून माफी मागावी लागायची, न केलेल्या नालस्तीची. घरातल्या बायका आपसात म्हणायच्या, जिवंत असताना सासूला बोलली असेलच की हो काहीतरी.

"आन माझी आय कवाच आमटीत गूळ घालत न्हवती!" नणंद एकदम उसळून म्हणाली. तिच्या मनात हे सात वर्षं सलत असणार. "झणझणीत कट करायची. मी देवऋषाला सांगितलं तर त्यो म्हनला, वर गेल्यावर मान्साची चव बदलती."

माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. आमच्या धंद्यात ते सगळ्यांकडे तयार असतं. 'औषधांमुळे कधी कधी असे भास होतात, घाबरू नका.' कागदोपत्री तेच शहाणपणाचं. माझं नाव, माझा डबा, सांगलीतलं माझं सात वर्षांचं बस्तान, सगळं त्या एका वाक्यात सुरक्षित राहिलं असतं. नवरा खिडकीपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. आणि मी ते वाक्य म्हटलं असतं तर ती उद्या टेबलावर आली नसती, हे मला लख्ख कळत होतं. तिचं भय भुलीचं नव्हतंच. पुन्हा तसंच होईल आणि पुन्हा कुणी खरं मानणार नाही, याचं होतं.

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"ते स्वप्न नव्हतं," मी म्हटलं. "मीच होते ती. आमटी माझ्या सासूबाईंची. झोपेचं औषध संपलं होतं आणि माझं लक्ष नव्हतं. तुम्ही जाग्या होतात. तुम्ही सांगितलं ते सगळं खरं आहे. चूक माझी आहे."

नणंदेच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्यासारखं झालं. "म्हंजे आमी ह्येवढी वर्सं," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या सासूला निवद दावतोय?"

"त्या जिवंत आहेत," मी म्हटलं. दुसरं काय सुचणार.

कॉटवरची बाई हसायला लागली. पोट धरून, खड्यांची कळ लागली तरी हसत होती. हसता हसता रडायला लागली आणि नणंदेला म्हणाली, "ऐकलंसा न्हवं, वन्सं? ऐकलंसा न्हवं?" नणंदेने पिशवी खाली ठेवली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ती मी वर्णन करत नाही. नवरा दार उघडून बाहेर गेला. मला वाटलं, तक्रार लिहायला गेला. त्याला तो अधिकार होता.

"उद्या टेबलावर येतीस का?" नणंदेने तिला विचारलं.

"ह्या बाई असत्याल तर येतो," ती म्हणाली. ऐकून मी स्टुलावरून पडायचीच बाकी राहिले. "ह्यांना ठावं हाय काय झालं हुतं त्ये. दुसऱ्यांदा न्हाई करायच्या. पर येक हाय. आत बोला काय बोलायचं त्ये, फकस्त मला ऐकू येऊ दिऊ नका."

घरी जाऊन जेवताना मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा बरं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी वाट बघत होते की आता गुळावरून माझा उद्धार होणार. त्या म्हणाल्या, "मला नावं ठेवलीस, ठेव. पण हातातलं काम सोडून ठेवलीस?" मग मी वाटीतली आमटी भुरकली. त्या दिवशी ती मला गोड लागली की नाही, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थिएटरमध्ये जाऊन काच तीनदा बघितली. मग चौथ्यांदा. बाईच्या कपाळावर तेल नव्हतं, टिकली तिने स्वतःच काढून माझ्या हातात दिली. डब्याचा आकडा सत्त्याण्णव.

"आज एकट्या डब्यावर विसंबायचं नाही," मी तिला सांगितलं. तिच्या उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. स्नायू ढिले करायचं औषध देण्याआधी हा पट्टा फुगवला, की ते औषध त्या हातात उतरत नाही. बाकीचं अंग ढिलं पडतं, पण तो हात माणसाच्या ताब्यात राहतो. "हा हात तुमचा. माझी दोन बोटं तुमच्या मुठीत असतील. जाग आली तर दाबायची. आता दाबून दाखवा."

तिने दाबली. सात वर्षांचा राग त्या मुठीत होता. मी "आई गं" म्हणून ओरडले, तेव्हा टेबलावर पडल्या पडल्या तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

मग आकडा ऐंशी, साठ, पंचेचाळीस. सर्जन आत आले. हे गृहस्थ एरवी ऑपरेशन करताना प्लॉट, गाड्या आणि स्वतःचा गुडघा यांवर अखंड बोलतात. मी आधीच ताकीद दिली होती, की पेशंटच्या नवऱ्यासमोर जे बोलता येणार नाही ते आज इथे बोलायचं नाही. पहिली दहा मिनिटं त्यांनी इतकी शांतता पाळली की सिस्टरने घाबरून विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?"

मी वाकून तिच्या कानाशी जाऊन दर थोड्या वेळाने म्हणत होते, "ऐकू येतंय का? बोटं दाबा." मूठ सैल. आकडा सत्तेचाळीस. पट्टा वीसेक मिनिटांनी सोडावा लागतो, तोवर औषधाचा पहिला जोर ओसरलेला असतो. तो सोडायच्या बेतात होते तेवढ्यात माझ्या बोटांवर तिची बोटं हलली. अगदी जराशी. आकडा बावन्न. काच बघितली, भरलेली. "थांबा," मी सर्जनना म्हटलं. ते थांबले, हातातलं तसंच धरून. "ऐकू येतंय का? येत असेल तर बोटं दाबा. जोरात दाबा." काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. झोपेत माणसाची बोटं अशी आपोआप हलतात, हे मी पुस्तकात वाचलेलं आहे, दहा वेळा बघितलेलंही आहे. तरी मी झोपेचं औषध थोडं वाढवलं आणि शेवटचा टाका पडेपर्यंत ती मूठ सोडली नाही. लिहायला हात मोकळा नाही म्हणून सिस्टरने माझी नोंदवही लिहिली.

शुद्धीवर आल्यावर तिने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं. मी विचारलं, "झोपायच्या आधीचं काय आठवतं?"

"तुमी वरडलासा त्ये."

"आणि मधलं काही आठवतं का?"

ती आठवायला लागली. कपाळाला आठ्या घालून, हरवलेली वस्तू शोधावी तशी तिने खूप वेळ शोधलं. "मधी..." ती म्हणाली. "मधी कायच न्हाई." मग डोळे मिटता मिटता म्हणाली, "समद्यांचं आसंच आस्तं व्हय?"

मी हो म्हटलं आणि तिची टिकली परत लावायला मला जरा वेळ लागला, कारण मला नीट दिसत नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी पुन्हा तिथे गेले. मिरजेहून फोन येत होते, येऊ दिले. एवढ्या वर्षांत, दुसऱ्या दिवशी पेशंटला भेटायला जायची माझी ही पहिलीच वेळ. बाहेर बाकावर तिचा नवरा चहाचा थर्मास घेऊन बसला होता. मला बघून उठला. त्या संध्याकाळपासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी मनाची तयारी केली होती. तक्रार केली तर जे खरं ते लिहून द्यायचं.

"बाई," तो म्हणाला, "येक इचारू? तवा... त्या टायमाला, तिला लय दुकलं आसंल का वं?"

"दुखण्याचं औषध चालू होतं," मी सुरुवात केली, "त्यामुळे पूर्ण वेदना..." आणि थांबले. "तुम्ही तिला कधी विचारलंत का हे?"

त्याने थर्मासकडे बघून मान हलवली. "न्हाई. आमी नुस्तं सांगत ऱ्हायलो तिला, सपान हुतं म्हनून."

"मग मला कशाला विचारता? ती आत बसलीय उशीला टेकून."

तो आत गेला. ऐकायचं नव्हतं तरी मी दारात थांबले. स्टूल ओढून बसला. थर्मासचं झाकण फिरवून उघडलं, चहा न ओतता पुन्हा लावलं. मग म्हणाला, "त्या टायमाला लय दुकलं का गं?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता फाडून खाणार. मी खाल्लं असतं. तिने टाक्यांवर हात धरला, हळूच एका अंगाला सरकली आणि कॉटवर त्याच्यापुरती जागा केली.

"हितं बसा," ती म्हणाली, आणि स्ट्रेचरवरनं आत नेलं तिथपासून सांगायला लागली.